"गोळ्या कोणत्या चालू आहेत?" : औषध महानियंत्रक आणि अन्न व औषध आयुक्त यांना खुलं पत्र

प्रति,
मा. औषध महानियंत्रक (भारत), केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, नवी दिल्ली
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : डोळ्यांत घालायच्या औषधांचे शरीरावर व मनावर होणारे परिणाम रुग्णाला त्याच्या भाषेत कळवण्याबाबत.

महोदय,

माझे वडील तलाठी होते. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज घेतले, पंचनामे केले, सातबाऱ्यावर नोंदी घातल्या. तोंडी तक्रारीला ते तक्रार मानतच नाहीत. पुरते बरे झाल्यावर गेल्या महिन्यात त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला आणि म्हणाले, "अर्ज लिही. विषय एका ओळीत, मागण्या मुद्देसूद, आणि कुणाला शिव्या द्यायच्या नाहीत." त्याप्रमाणे लिहिते आहे. कराडजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. पत्र उघडं ठेवलं आहे, कारण ज्यांच्या घरी फ्रिजच्या दारात नाहीतर देव्हाऱ्याशेजारी काचबिंदूच्या थेंबांची बाटली उभी आहे, त्यांनीही ते वाचावं.

आधी घडलं ते सांगते.

आप्पांचं वय आता ८०. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला, आणि टिमोलॉल ०.५ टक्के या औषधाचे थेंब सुरू झाले. सकाळ-संध्याकाळ, दोन्ही डोळ्यांत एकेक. "आयुष्यभर घालायचे, एक दिवस चुकवायचे नाहीत," असं बजावलं गेलं. ते योग्यच होतं. त्यापलीकडे कुणी काही सांगितलं नाही आणि विचारलंही नाही. आमच्यामागे बाकांवर चाळीसेक माणसं ताटकळत होती. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही, हे आधीच नोंदवून ठेवते.

आप्पा रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवतात, तेही पेनने. गावातल्या कुणाच्याही रानाचा गट नंबर विचारा, बांधावरून कुठल्या साली भांडण झालं ते विचारा, सगळं तोंडपाठ. थेंब सुरू झाले दिवाळीच्या आधी. संक्रांतीपर्यंत कोडं अर्धवट राहायला लागलं, मग पेपरच उघडेनासे झाले. जिना चढताना मधल्या पायरीवर बसून राहायचे. आणि स्वप्नं पडायला लागली. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, नुकते नोकरीला लागलेले. पाटण तालुक्यातल्या पडलेल्या घरांचे पंचनामे त्यांनी केले होते, पण घरात त्याबद्दल अवाक्षर कधी काढलं नव्हतं. आता मध्यरात्री उठून बसायचे आणि म्हणायचे, "भिंतीखाली कोण आहे बघा." दिवसा कुणी चार शब्द बरे बोललं की डोळ्यांत पाणी. एकदा मला म्हणाले, "माझ्यात काही राहिलं नाही गं आता."

सगळे म्हणाले, वय झालं. आई जाऊन चार वर्षं झाली होती, त्यामुळे "एकटे पडलेत" हेही कारण तयारच होतं. आमच्या डॉक्टरांनी थायरॉइड पाहिलं, बी-१२ पाहिलं, साखर पाहिली. काही निघालं नाही. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी अर्धा तास दिला, आपुलकीने बोलले, आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" मी सांगितलं, बीपीची एक. ते खरंच होतं. नैराश्यासाठी पॅरॉक्सेटिन सुरू झालं.

दहाव्या दिवशी आप्पा बाथरूमच्या दारात कोसळले. दवाखान्यात नाडी मोजली तर मिनिटाला ३६. रात्री अतिदक्षता विभागात पेसमेकरची बोलणी सुरू झाली. आठ वाजले तसं सवयीने मी पिशवीतून बाटली काढली आणि आप्पांची पापणी खाली ओढली. तेवढ्यात ड्युटीवरची सिस्टर म्हणाली, "थांबा. काय घालताय?" तिने बाटली हातात घेतली, दिव्याखाली धरून वाचली आणि थेट डॉक्टरांना फोन लावला.

त्या रात्री थेंब पडले नाहीत. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून दुसऱ्या गटातलं औषध सुरू झालं, नैराश्याची गोळीही डॉक्टरांनीच थांबवली. तीन-चार दिवसांत नाडी साठीच्या घरात आली. पेसमेकरचा विषय मागे पडला. तिसऱ्या आठवड्यात आप्पांनी चहाच्या वेळी विचारलं, "पेपर कुठंय? पेन दे."

एका माणसाच्या अनुभवावरून शास्त्र ठरत नाही, हे मी वर्गात शिकवते. टिमोलॉल आणि नैराश्य यांच्या संबंधावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही पाहण्यांत संबंध दिसला, काहींत दिसला नाही. आप्पांचं दुःख सगळंच्या सगळं बाटलीतून आलं, असा माझा दावा नाही. आईची आठवण बाटलीतून आलेली नव्हती. पण मंद नाडी, थकवा, गोंधळ, वाईट स्वप्नं, उदासी हे सगळं या औषधाच्या इंग्रजी माहितीपत्रकात ओळीने छापलेलं आहे. एवढंच नाही. टिमोलॉलचा निचरा यकृतातलं एक विशिष्ट एन्झाइम करतं, आणि पॅरॉक्सेटिनसारख्या गोळ्या नेमकं तेच एन्झाइम अडवतात. मग थेंबांचा असर अंगात वाढत जातो. हेही छापलेलं आहे. म्हणजे थेंबांचा परिणाम असू शकेल अशा लक्षणांवर आम्ही अशी गोळी दिली, जिने थेंबांचं बळ आणखी वाढवलं. तिघं डॉक्टर, एक मेडिकलवाला आणि एक विज्ञानशिक्षिका यांच्या डोळ्यांदेखत हे झालं.

शिक्षिकेबद्दल थोडं. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात बारीक छिद्र असतं, तिथून अश्रूंची नळी नाकात उतरते, म्हणून रडताना नाक वाहतं. हे मी कितीतरी वर्षं फळ्यावर काढून दाखवते आहे. थेंब घातल्यावर आप्पा रोज म्हणायचे, "घशाला कडू लागतंय." काचबिंदूचा कुठलाही रुग्ण हे सांगेल. त्या कडूपणाचा अर्थ मला कळायला हवा होता, आणि मी काय केलं? खडीसाखर दिली.

हिशोब साधा आहे. बाटलीतून पडणारा थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा. पापणीआड फार तर ३० मावतात, आणि डोळा मिचकावला की तेही टिकत नाहीत. उरलेलं गालावर ओघळतं किंवा नळीतून नाकात जातं. नाकाचं अस्तर पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेलं. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिचा बराच भाग तिथेच मोडला जातो. नाकातून शोषलेलं औषध त्या तपासणी नाक्यावर थांबतच नाही, थेट रक्तात मिसळतं. ०.५ टक्के म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम. दिवसाचे चार थेंब म्हणजे एक मिलिग्रॅमच्या आसपास. आकडा किरकोळ वाटतो. पण टिमोलॉल हे बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारं औषध आहे, बीपीसाठी आणि हृदयाच्या धडधडीसाठी ज्या प्रोप्रॅनोलॉलच्या गोळ्या देतात त्यांचं भावंड. ऐंशीच्या घरातल्या हृदयाला तेवढंही पुष्कळ होऊ शकतं. दमेकऱ्याच्या श्वासनळ्या त्याने आवळल्या जातात. मधुमेह्याची साखर अचानक उतरली की छातीत धडधडतं, ती धोक्याची घंटा हे औषध बंद पाडतं. उरतो फक्त घाम.

यातलं काहीही नवं नाही. अमेरिकेत टिमोलॉलच्या थेंबांना १९७८ साली परवानगी मिळाली, आणि दमा असलेल्या रुग्णांचे मृत्यू नोंदले गेल्यावर तो इशारा तिथल्या लेबलवर चढला. ज्याला दमा आहे किंवा होऊन गेला आहे, ज्याची नाडी मुळात मंद आहे, हृदयातल्या विद्युत्‌वहनात अडथळा आहे किंवा हृदय उघडपणे निकामी होत चाललं आहे, त्याला हे थेंब द्यायचेच नाहीत, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. उपायही तेवढाच जुना. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने पाच मिनिटं दाबून धरला, तर रक्तात जाणारं औषध साठ टक्क्यांहून जास्त कमी होतं, हे १९८४ साली प्रसिद्ध झालेलं आहे. त्याला पैसा लागत नाही. डोळा शांत मिटून ठेवला तरी बराच फायदा होतो. मिचमिचायचा मात्र नाही. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं थांबायचं. हे सांगायला डॉक्टरला वीस सेकंद लागतात. आम्हाला ते कळलं पेसमेकरच्या दारातून परत आल्यावर.

आता तक्रारी.

१. बाटलीवर आणि खोक्यावर रुग्णासाठी त्याच्या भाषेत एक अक्षर नाही. आमच्या खोक्यात पत्रक नव्हतं. खोक्यावरची इंग्रजी अक्षरं मी भिंग लावून वाचली. काचबिंदूच्या माणसाने वाचायची वस्तू इतक्या बारीक अक्षरांत छापायची, यातला विनोद औषध कंपन्यांच्या लक्षात आला नसेल असं नाही. खोक्यावरच्या क्रमांकावर मी फोन केला. पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, सगळी माहिती डॉक्टरांसाठी उपलब्ध आहे." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. थेंब डोळ्यात घालायचे रुग्णाने आणि माहिती डॉक्टरांसाठी. युरोपात प्रत्येक औषधाच्या खोक्यात रुग्णासाठी त्याच्या भाषेत पत्रक घालणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे होतं ते इथे का होऊ नये, याचं एकही सबळ कारण मला सुचलेलं नाही.

२. नाव लपून राहतं. टिमोलॉल एकटं येतं, तसंच ब्रिमोनिडिनबरोबर, डॉर्झोलामाइडबरोबर आणि इतरही औषधांबरोबर एका बाटलीत येतं. वर कंपनीचं ठसठशीत नाव, खाली घटक मुंगीच्या पावलांएवढे. दोन डॉक्टरांनी दोन बाटल्या लिहून दिल्या आणि दोन्हींत टिमोलॉल निघालं, तर ते घरच्यांना कळणार कसं?

३. सगळी बुचं पांढरी. आमच्या घरात आज तीन बाटल्या आहेत आणि तिन्हींची बुचं सारखी दिसतात. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने बुचांचे रंग ठरवून दिले आहेत : बीटा-ब्लॉकर पिवळं किंवा निळं, बाहुली मोठी करणारं लाल, स्टेरॉइड गुलाबी. वाचता न येणारी आजीसुद्धा "पिवळ्या बुचाचं" एवढं सांगू शकते. आमची सिस्टर हुशार निघाली म्हणून तिने बाटली वाचली. दर रात्री, दर वॉर्डात तशी सिस्टर असेलच असं नाही.

४. केस पेपरवर थेंबांना जागाच नाही. या तक्रारीवर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते सगळी गोम इथे आहे. आपण सगळे औषध म्हणजे गोळी असं धरून चालतो. पोटात जातं ते औषध, दंडात टोचतात ते औषध. डोळ्यातलं, कानातलं, नाकातलं, अंगाला चोळायचं ते "वरचं". वरचं म्हणजे निरुपद्रवी. डॉक्टरही "गोळ्या कोणत्या" असंच विचारतात, आणि आपण प्रामाणिकपणे गोळ्यांचीच नावं सांगतो. आप्पांच्या बाबतीत हा प्रश्न चार ठिकाणी विचारला गेला. चारही ठिकाणी मी तेच उत्तर दिलं आणि चारही ठिकाणी ते चुकीचं होतं. प्रश्नात "गोळ्या"च्या जागी "औषधं, थेंबांसकट" एवढे दोन शब्द असते, तर आमचे तीन महिने वाचले असते. मनाचा आजार म्हातारपणात येतो तेव्हा हे आणखी घातक ठरतं. उदास म्हातारा कुणाला आश्चर्याचा वाटत नाही. तरणाताठा माणूस पेपर वाचायचा थांबला की घरचे चौकशी करतात. म्हातारा थांबला की टीव्हीचा आवाज वाढवतात.

५. हे एकट्या टिमोलॉलचं नाही. लहान मुलांचा चष्म्याचा नंबर काढण्याआधी अ‍ॅट्रोपिन किंवा सायक्लोपेंटोलेट घालतात. अ‍ॅट्रोपिनचं रसायन आपल्या ओळखीचं आहे. बांधावरच्या धोतऱ्यात तेच असतं. जास्त शोषलं गेलं तर धोतरा खाल्ल्यासारखीच लक्षणं दिसतात. तोंड लालबुंद, अंग तापलेलं, घाम नाही, जीभ कोरडी, बडबड, हवेत काहीतरी पकडल्यासारखे हातवारे. सायक्लोपेंटोलेटने मुलांना भास झाल्याच्या नोंदी आहेत. आमच्या शाळेतल्या पहिलीच्या एका मुलीचा असाच प्रकार झाला. घरच्यांनी आधी दृष्ट काढली, मग तापाचं औषध पाजलं. डोळ्याचा मलम आणि हा ताप यांचा संबंध त्यांच्या डोक्यात यावा कुठून? सध्या मुलांचा नंबर वाढू नये म्हणून अ‍ॅट्रोपिनचे अगदी सौम्य, ०.०१ टक्क्याचे थेंब रोज रात्री घालायला देतात. १ टक्का आणि ०.०१ टक्का यांत शंभर पटींचा फरक, आणि बाटलीवर तो दोन शून्यांनी दाखवलेला. ब्रिमोनिडिन दोन वर्षांखालच्या बाळाला द्यायचं नसतं, बाळ सुस्तावतं, श्वास मंदावतो. मोठ्यांनाही त्याने झापड येते. बाहुली मोठी करण्याच्या थेंबांत फेनिलेफ्रिन असेल तर बीपी चढू शकतं. बाहुली मोठी होईपर्यंत डोळे मिटून बाकावर बसवलेल्या म्हाताऱ्यांचं बीपी त्याआधी कुणी पाहिलेलं मला आठवत नाही.

६. स्टेरॉइडचे थेंब मेडिकलमध्ये सर्रास मिळतात. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदी, बुलढाण्यापासून राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली, तेव्हा "डोळे आलेत, काहीतरी द्या" एवढ्यावर लोकांनी स्टेरॉइडच्या बाटल्या नेल्या. ते थेंब जास्त दिवस चालले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि मधुमेह्याची साखरही हलू शकते. चिठ्ठीशिवाय विकू नये असं बाटलीवर छापलेलं आहे. तेही इंग्रजीत.

७. दुष्परिणाम नोंदवता येतो, हेच कुणाला माहीत नाही. २०१० पासून देशात औषध-दक्षता कार्यक्रम आहे, त्याचं केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे, १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे, सामान्य माणसाने भरायचा फॉर्म आहे आणि तो मराठीतही निघालेला आहे. हे सगळं चांगलं आहे. पण मला ते आप्पा बरे झाल्यानंतर शोधून सापडलं. ज्या चार दवाखान्यांत आम्ही फिरलो, त्यांच्या एकाही भिंतीवर तो क्रमांक नव्हता. भिंतींवर चष्म्याच्या फ्रेमच्या जाहिराती मात्र होत्या.

आपली यंत्रणा मनात आणलं तर हलते, हे मी पाहिलं आहे. २०२४ च्या सप्टेंबरात "वाचायचा चष्मा घालवणारे थेंब" म्हणून एका औषधाचा गाजावाजा झाला, तेव्हा मान्यता नसलेले दावे केल्याबद्दल महानियंत्रकांच्या कार्यालयाने त्याची परवानगी काही दिवसांतच स्थगित केली. योग्य केलं. जास्त बोलल्याबद्दल जशी कारवाई होते, तशी गप्प बसल्याबद्दलही व्हावी, एवढंच माझं म्हणणं आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. मी तो स्कॅन करून पाहिला. त्यातून कंपनीचं नाव, बॅच, तारखा, परवाना क्रमांक कळतो. बनावट माल ओळखायला त्याचा उपयोग आहे. पण अस्सल औषधाने काय होऊ शकतं, ते त्यातून कळत नाही.

आमच्या मागण्या :

एक. बीटा-ब्लॉकर असलेल्या प्रत्येक थेंबाच्या खोक्यावर, मिश्रणांसकट, इंग्रजीबरोबर विक्री होणाऱ्या राज्याच्या भाषेत ठळक चौकट असावी : "दमा, मंद नाडी किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांना सांगितल्याशिवाय वापरू नका. थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा पाच मिनिटं दाबून धरा."

दोन. खोक्यात मराठी पत्रक, किमान वर्तमानपत्राच्या अक्षराएवढ्या अक्षरांत. क्यूआर कोडमधून तेच पत्रक ऐकायलाही मिळावं. दृष्टी अधू झालेल्यांचं औषध आहे हे.

तीन. बुचांचे रंग औषधाच्या गटानुसार ठरवून ते सगळ्या उत्पादकांना बंधनकारक करावेत.

चार. स्टेरॉइड आणि बीटा-ब्लॉकर थेंबांच्या विनाचिठ्ठी विक्रीची अन्न व औषध प्रशासनाने राज्यभर तपासणी करावी आणि काय आढळलं ते जिल्हावार जाहीर करावं.

पाच. सरकारी आणि धर्मादाय दवाखान्यांच्या केस पेपरवर "डोळे, कान, नाक, त्वचा यांची औषधं" असा वेगळा रकाना छापावा. सार्वजनिक आरोग्य विभागाला तशी शिफारस आयुक्तांनी पाठवावी.

सहा. औषध-दक्षतेचा क्रमांक आणि मराठी फॉर्म प्रत्येक मेडिकलमध्ये, नेत्रविभागात आणि नेत्रशिबिरात लावणं सक्तीचं करावं.

राज्यातल्या नेत्रतज्ज्ञांनाही चार शब्द, कारण हे पत्र तुमच्याही वाचनात येईल. टिमोलॉल हे वाईट औषध आहे असं मी म्हणत नाही. ते स्वस्त आहे, आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, आणि त्याने असंख्य माणसांची दृष्टी टिकवली आहे. ज्या घरात महागडी बाटली परवडत नाही, तिथे तेच आधार आहे. मागणं एवढंच, की ते लिहिण्याआधी दम्याचं विचारा आणि बोटं मनगटावर ठेवून नाडी मोजा. आकडा चिठ्ठीवर लिहा. महिन्याने पुन्हा मोजा, आणि त्या वेळी डोळ्याच्या दाबाबरोबर एक जास्तीचा प्रश्न घरच्यांना विचारा : माणूस पहिल्यासारखा वागतोय का? कोपरा कसा दाबायचा ते तोंडी सांगू नका, रुग्णाचं बोट धरून दाखवा. गर्दी आहे, मान्य. हे काम कंपाउंडरही करू शकतो. आणि मानसोपचारतज्ज्ञांनो, वयस्क रुग्णाला नैराश्याची गोळी लिहिण्याआधी त्याच्या डोळ्यांत काय जातं ते विचारा.

जे घरी हे वाचताहेत त्यांना कळकळीने सांगते, बाटली उचलून फेकू नका. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आणि थेंब मनाने बंद केले तर ती जाते, तीही न दुखता. आमचेही थेंब आम्ही मनाने थांबवले नाहीत, डॉक्टरांनी बदलून दिले. शंका असेल तर बाटली, खोकं आणि सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला आणि पिशवीसकट डॉक्टरांकडे जा. नाडी पन्नासच्या खाली असेल, चक्कर येत असेल किंवा दम लागत असेल तर त्याच दिवशी जा.

आप्पांची नोंद आम्ही औषध-दक्षतेच्या फॉर्मवर केली आहे. फॉर्म त्यांनी स्वतः भरला. तलाठी असल्यामुळे रकाने भरायला त्यांना मनापासून आवडतं. "घटनेचे वर्णन" या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून पुरवणी जोडली, आणि तिच्यावर पान क्रमांक घातले.

मसुदा मी त्यांना वाचून दाखवला. तीन ठिकाणी त्यांनी "फापटपसारा" असा शेरा मारला. त्यातली दोन ठिकाणं मी काढली, धोतऱ्याचं ठेवलं. शेवटी त्यांनी विचारलं, या अर्जाचा आवक क्रमांक काय? त्यांच्या काळात अर्ज आला की त्याच दिवशी आवक रजिस्टरला चढायचा आणि अर्जदाराच्या हातात पोच पडायची. दोन्ही कार्यालयांना विनंती आहे की आवक क्रमांक आणि तारीख कळवावी. त्यांनी फाईल उघडली आहे, आणि पहिलं पान त्याच्यासाठी कोरं ठेवलं आहे.

आपली,
एका काचबिंदूच्या रुग्णाची मुलगी
कराड, जि. सातारा